राजापूर : खाडीकाठचा मुलूख

पूर्वज कोठून आले, असे विचारले की मॉरिशसमधील आपल्या अनेक घरांत 'रत्नागिरी' एवढेच उत्तर मिळते. पण रत्नागिरी हा केवढा तरी जिल्हा! तेथील गाव कसे असते, असे वर्गातील मुले आम्हांला विचारतात. त्यांच्यासाठी त्याच जिल्ह्यातील राजापूर पाहू.

राजापूर अर्जुना व कोदवली या नद्यांच्या काठी, सखल जागी वसले आहे. मागे सह्याद्री, पुढे जैतापूरची खाडी. पूर्वी गलबते खाडीतून वर येत. इंग्रजांची वखार येथे होती. ती १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी लुटली. पुढे खाडी गाळाने भरली आणि व्यापार ओसरला.

भोवती जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. पावसाळ्यात पूर बाजारपेठेत शिरतो, उन्हाळ्यात मात्र सड्यावर पाण्याचे हाल. भात पिकते ते सखल मळ्यांत. त्यातूनही कुळांना खोताचा वाटा द्यावा लागे. खाणारी तोंडे अधिक, जमीन थोडी.

अशाच गावांतून माणसे मुंबईस गेली, आणि तेथून काही गिरमिटावर येथे आली. मुलांनो, आपल्या माणसांना गाव नकोसे झाले नव्हते; गावची जमीन त्यांना पुरत नव्हती.