आठ ठिपक्यांत 'राष्ट्रीय' मावेल का?

ग्राफिक्स कार्ड म्हटलं की आज आपल्याला गेम्स आठवतात, नाहीतर एआय. पण ऐंशीच्या दशकात आपल्याकडे हा प्रश्न चक्क बाराखडीचा होता!

समजा, १९८८ साल आहे. नगरजवळ नागापूरच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याला पीसी घ्यायचाय आणि कामगारांची नावं स्क्रीनवर मराठीत दिसायला हवीत. कार्ड कुठलं घ्याल?

रंगीत हवं तर आयबीएमचं १९८१ चं सीजीए. ६४० x २०० ठिपके, तेही दोनच रंगांत. चार रंग हवे असतील तर आडवे ठिपके निम्मे. आता २०० ठिपके २५ ओळींत वाटा. एका ओळीच्या वाट्याला आले आठ. इंग्रजीचं तेवढ्यात भागतं. आपल्याला मात्र शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी-रफार, खाली उकार, आणि दोन ओळींत थोडी मोकळी जागाही लागते. चौकटीच्या वहीवर आठ चौकटींच्या उंचीत 'राष्ट्रीय' लिहून बघा म्हणजे कळेल :-)

दुसरा पर्याय हर्क्युलिस, १९८२ चं. रंग नाही, पण ७२० x ३४८ ठिपके. म्हणजे ओळीला जवळपास चौदा. गंमत म्हणजे हे कार्ड बनवणाऱ्या व्हॅन सुवन्नुकुल यांना पीसीवर थाई लिपी लिहायची होती. थाईतही खुणा अक्षराच्या वर-खाली बसतात. त्यांचं दुखणं आणि आपलं दुखणं एकच!

मी असतो तर डोळे मिटून हर्क्युलिस घेतलं असतं. पण थांबा, मॉनिटरही जोडीनंच ठरवावा लागायचा. सीजीएचा मॉनिटर सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या रेषा काढायचा, हर्क्युलिसचा सुमारे १८,४००. एकाचा दुसऱ्याला चालत नसे. चुकीचा सिग्नल दिला तर मॉनिटर जळायचीही भीती. उद्या रंग हवासा वाटला की दोन्ही बदला.

बरं, ठिपके मिळाले तरी जोडाक्षरं जुळवणार कोण? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं मोहन तांबे यांचं काम पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं आणि त्यातून जिस्ट कार्ड बाजारात आलं. अक्षरं जुळवायचं काम कार्डच करायचं. वर्डस्टारला बिचाऱ्याला पत्ताही नसे.

व्हीजीए १९८७ मध्येच आलं होतं. त्यात अक्षराला सोळा ठिपके, आणि वर रंगही. आपल्याकडे ते सर्रास दिसायला मात्र नव्वदचं दशक उजाडलं. पुढे जिस्टचं कामही नुसत्या सॉफ्टवेअरने होऊ लागलं.