पिनकोड ४३१२०४ : कमांड लाइनवरील एपीआय चाचणीचा इतिहास

एका संगणकाने दुसऱ्याकडे ठरलेल्या पद्धतीने माहिती मागण्याची सोय म्हणजे वेब एपीआय. ही सोय नीट चालते की नाही, हे कमांड लाइनवरून पाहण्याचे सूत्र साधे आहे. ज्याचे उत्तर पक्के ठाऊक आहे असा प्रश्न विचारायचा आणि आलेले उत्तर ताडून पाहायचे.

या कामाची मुळे वेबच्या जन्मापर्यंत जातात. वेबवर माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या एचटीटीपी या नियमावलीत १९९१ साली विनंती एका ओळीची असे. टेलनेट या प्रोग्रामने सर्व्हरच्या ८० क्रमांकाच्या पोर्टला जोडून ‘गेट’ आणि पानाचा पत्ता टाइप केला की उत्तर पडद्यावर उमटे. पुढे विनंतीसोबत हेडर म्हणजे जोडमाहितीच्या ओळीही पाठवाव्या लागू लागल्या आणि दर वेळी हाताने टाइप करणे जिकिरीचे झाले.

१९९६ मध्ये ब्राझीलच्या राफाएल सागुला यांनी ‘एचटीटीपीगेट’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांना गप्पांच्या चॅनलसाठी चलनांचे रोजचे दर हवे होते. त्यांनी तो प्रोग्राम वाढवला आणि २० मार्च १९९८ रोजी तो ‘कर्ल’ या नावाने आला. कर्लची आज्ञा फाइलमध्ये जपून ठेवता येते आणि रोज जशीच्या तशी चालवता येते. चाचणीला लागणारा काटेकोरपणा त्यामुळे आला. २००० साली रॉय फील्डिंग यांनी आपल्या प्रबंधात वेब सेवांसाठी ‘रेस्ट’ ही रचना मांडली. त्याच वर्षी सेल्सफोर्स आणि ईबे यांनी आपले एपीआय खुले केले. २०१२ मध्ये आलेल्या ‘जेक्यू’ या साधनामुळे ‘जेसन’ मांडणीतल्या उत्तरातला नेमका भाग वेगळा काढता येऊ लागला.

भारत सरकारचे खुल्या माहितीचे संकेतस्थळही २०१२ चेच. देशभरातील पिनकोडची यादी तिथे एपीआयमार्फत मिळते. ही यादी चाचणीसाठी उत्तम, कारण पिनकोडची रचनाच शंका दूर करण्यासाठी झाली आहे. एकाच नावाची गावे आणि निरनिराळ्या भाषांतले पत्ते यांमुळे टपालात गोंधळ होई. तो टाळण्यासाठी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी लागू झाली.

अंबड हे अशा नामसाम्याचे बोलके उदाहरण. मत्स्योदरी देवीचे अंबड जालना जिल्ह्यात आहे. दुसरे अंबड नाशिकच्या औद्योगिक वसाहतीचे. पहिल्याचा पिनकोड ४३१२०४, दुसऱ्याचा ४२२०१०. पहिले तीन अंक टपालाची वर्गवारी कुठे होणार ते सांगतात, शेवटचे तीन वाटप करणारे कार्यालय दाखवतात. म्हणून ४३१२०४ विचारल्यावर उत्तरात जालना जिल्हा यायलाच हवा आणि नाशिक येता कामा नये.

अशा चाचणीत आधी स्थितिक्रमांक पाहतात. २०० म्हणजे विनंती मान्य, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेली गोष्ट सापडली नाही. पण २०० आला म्हणून काम संपत नाही. यादी रिकामी असूनही सर्व्हर २०० देऊ शकतो. त्यामुळे नोंदी किती आल्या आणि जिल्ह्याच्या रकान्यात काय आहे, हेही ताडावे लागते. मग मुद्दाम चुकीची एपीआय चावी, म्हणजे वापरकर्त्याची ओळख पटवणारा संकेत, देऊन आणि अस्तित्वात नसलेला पिनकोड विचारून नकार योग्य शब्दांत मिळतो का, ते पाहतात.

मराठी नावाने शोध घेऊ देणाऱ्या एपीआयची आणखी एक परीक्षा असते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत ‘अंबड’ची चार चिन्हे बारा बाइटांत साठतात. वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन षोडशमान अंक अशा रूपात जातो, म्हणजे एकूण छत्तीस चिन्हे होतात. आज्ञेत तसा पर्याय दिला तर हे रूपांतर कर्ल करून देतो. अनुस्वाराचा बाइटसमूह गळला तर ‘अबड’ शोधले जाते आणि गाव हाती लागत नाही.

मराठी माहिती देणारी सेवा केवळ रोमन अक्षरांवर तपासली तर ती अर्धीच तपासली जाते. अंबडसारखे अनुस्वाराचे आणि एकापेक्षा अधिक ठिकाणी आढळणारे नाव चाचणीच्या यादीत असायलाच हवे.