खिडकी, कॅमेरा आणि टेंभुर्णीचं परीक्षा केंद्र

पापाराझी या विषयावरचे संशोधन प्रस्ताव चाळून बघा. बहुतेकांची सुरुवात पॅरिसच्या बोगद्यात होते. ३१ ऑगस्ट १९९७, प्रिन्सेस डायना, मोटारीच्या मागं लागलेले फोटोग्राफर. त्याआधी शब्दाच्या उगमाचा एक परिच्छेद असतो: फेलिनीच्या १९६०च्या 'ला दोल्चे विता' या सिनेमात पापाराझ्झो नावाचा फोटोग्राफर आहे, त्यावरून हा शब्द रूढ झाला. मग थेट उडी मुंबई विमानतळावर. यात चूक काहीच नाही. पण तुम्ही सोलापूर, नांदेड किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठातून नोंदणी करणार असाल, तर पॅरिसबद्दल तुम्ही असं काय सांगणार जे शंभर जणांनी आधी लिहिलेलं नाही?

मी करकंबचा. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, अकलूज आणि टेंभुर्णीत, या विषयातलं एक महत्त्वाचं प्रकरण घडून गेलं आणि त्याला 'पापाराझी' हा शब्द कुणी लावलाच नाही. त्याकडे येतोच. पण त्याआधी एका खिडकीबद्दल सांगावं लागेल.

'आपल्याकडं खासगीपणाची कल्पनाच नव्हती, ती पाश्चात्त्य आहे' हे वाक्य तुम्ही मुलाखतीत ऐकणार, कदाचित तुमच्या मार्गदर्शकांकडूनही. तेव्हा १८८२चा भारतीय सुविधाधिकार कायदा काढा आणि त्याचं कलम १८ वाचा. रूढीनं मिळणाऱ्या हक्कांचं हे कलम. त्यात एक उदाहरण दिलंय: एखाद्या शहरात अशी रूढी असेल की शेजाऱ्याच्या खासगीपणाला बाध येईल अशी नवी खिडकी कुणी उघडायची नाही, तर ती रूढी मोडून उघडलेली खिडकी बंद करायला लावता येते. कायदा होण्याच्याही आधी, १८६० च्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयानं गुजरातेतली अशी रूढी मान्य केली होती. १८८८ साली अलाहाबादला गोकल प्रसाद विरुद्ध राधो या खटल्यात न्यायालयानं तेच केलं. नव्या बांधकामातून शेजारच्या घरातल्या पडदानशीन बायका दिसत होत्या, हा तिथला वाद.

म्हणजे डोकावण्याविरुद्धचा हक्क आपल्या न्यायालयांत हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याच्या आधीपासून आहे. फक्त तो कुणाचा होता ते नीट बघा. तो घराचा हक्क होता. ज्याच्याकडे भिंत आणि अंगण, त्याचा. बाईचा पडदा राखायचा, पण दावा घराच्या मालकीच्या जोरावर चालायचा. एका खोलीत आठ माणसं राहणाऱ्या कुटुंबाला या कलमाचा काडीचा उपयोग नव्हता, आणि रस्त्यावर पाऊल टाकलं की कुणालाच नव्हता. या धाग्यावर अजून कितीतरी काम व्हायचं बाकी आहे. जिल्हा न्यायालयांच्या अभिलेख खोल्यांत खिडक्यांचे दावे धूळ खात पडलेले असू शकतात. कुणीतरी शोधा.

आता कॅमेऱ्याकडे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या हिंदी छायाचित्रकारांपैकी. त्या काळी फोटो काढून घेणं म्हणजे बसणं. डोकं हलू नये म्हणून मागून टेकू लावायचे, श्वास रोखायला सांगायचे. जो हलतो त्याचा फोटो येत नाही, म्हणजे ज्याची मर्जी नाही त्याचाही येत नाही. संमती त्या तंत्रातच होती, कायद्याची गरज नव्हती. १८८८ला ईस्टमनचा कोडॅक आला, हातात मावणारा. दोनच वर्षांत, डिसेंबर १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनी 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'त खासगीपणाच्या हक्कावरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. झटपट फोटो आणि वर्तमानपत्रं घराच्या आत शिरलीत, ही त्यांची तक्रार. त्यांनी हा हक्क घरमालकाकडून काढून माणसाकडे दिला. माणूस जिथं जाईल तिथं तो बरोबर.

आपल्याकडं या वाटेनं यायला फार वेळ लागला. १९६२चा खरक सिंग, १९७५चा गोविंद, हे दोन्ही निकाल पोलिसांच्या पाळतीचे, छापणाऱ्यांशी त्यांचा संबंध नाही. छपाईचा प्रश्न समोर आला तो १९९४ साली, आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात, आणि तोही फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरच्या आत्मचरित्रामुळं. 'नक्कीरन' साप्ताहिकाला ते छापायचं होतं. न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांनी त्या निकालात खासगी बाबींची एक यादी केली: कुटुंब, लग्न, मातृत्व वगैरे. तिच्या शेवटाकडे एक शब्द आहे, शिक्षण. या बाबींबद्दल संमतीशिवाय काही छापता येणार नाही. ते खरं असो वा खोटं, स्तुतीचं असो वा टीकेचं. अपवाद दोन ठळक: माहिती सार्वजनिक अभिलेखात असेल तर, आणि माणूस आपणहून वादात उतरला असेल तर. 'शिक्षण' आणि 'स्तुती' हे दोन शब्द अधोरेखित करून ठेवा.

२९ एप्रिल २०१६ला 'सैराट' लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचे, चित्रीकरण बरंचसं करमाळ्याकडचं, आर्ची म्हणजे अकलूजची रिंकू राजगुरू. सिनेमा लागला तेव्हा तिला पंधरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. राष्ट्रीय पुरस्कारांतला विशेष उल्लेख त्याआधीच जाहीर झाला होता. पुढं काय झालं ते आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे: गर्दीमुळं नेहमीच्या शाळेत बसणं अवघड झालं आणि दहावीची परीक्षा तिनं बाहेरून, म्हणजे आपण ज्याला सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो तो भरून दिली. २०१९ला बारावीला केंद्र टेंभुर्णीचं. तिथं पोलीस बंदोबस्त मागितल्याच्या बातम्या आल्या. परीक्षेला बसायला बंदोबस्त! दोन्ही निकालांचे टक्के मथळ्यांत छापले गेले. ते आकडे मला माहीत आहेत, तुम्हालाही एका मिनिटात सापडतील. इथं मी ते देत नाही.

मुंबईशी तुलना करा. तिथं पापाराझी हा धंदा आहे आणि धंद्याला नियम असतात. विरल भयानी, मानव मंगलानी, योगेन शाह ही नावं सिनेमावाल्यांइतकीच ओळखीची. कोण कधी विमानतळावर उतरणार हे पुष्कळदा प्रसिद्धी सांभाळणारी माणसंच कळवतात. म्हणूनच तिथं सौदाही होऊ शकतो. २०२१ला अनुष्का शर्मा आणि विराट कोहली यांनी मुलीचे फोटो काढू नका अशी विनंती केली, सोबत भेटवस्तू पाठवल्या, आणि फोटोग्राफरांनी ती बहुतांशी पाळली. सौदा करायला समोर माणूस लागतो, त्याचा नंबर लागतो. अकलूजच्या मुलीनं कुणाशी बोलायचं होतं? तिच्यासमोर कॅमेरेवाला असा कुणी नव्हताच. होती ती ओळखीची, पाहुण्यारावळ्यांची, शेजारच्या गावची माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाईल, आणि प्रत्येकाची भावना कौतुकाची. 'आपल्या भागातली पोरगी' म्हणून आलेली गर्दी. तिला हाकलणारं घर उर्मट ठरतं.

मला वाटतं आपल्याकडच्या पापाराझीचा इतिहास इथं वेगळा होतो. युरोपातले खटले विकणाऱ्याला धरून उभे आहेत. मोनॅकोच्या कॅरोलिनच्या खटल्यात २००४ साली युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं विचारलं की हे बाजारहाट करतानाचे फोटो कोणत्या सार्वजनिक चर्चेत भर घालतात? हा प्रश्न मासिकाला विचारता येतो. आत्याच्या दिराला विचारता येत नाही.

कायद्याचं जाळं टाकून बघा, मासा कुठून निसटतो ते दिसेल. पत्रकारितेच्या आचारसंहितेत घर, कुटुंब, आरोग्य यांबद्दल बंधनं आहेत, पण प्रेस कौन्सिल फक्त वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांपुरती, आणि तिथंही समज देण्यापलीकडे फारसे अधिकार नाहीत. २०१३ला दंड संहितेत ३५४ सी आलं, आता ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. चोरून बघणं किंवा टिपणं हा गुन्हा. पण 'खासगी कृती'ची व्याख्या शरीराच्या उघडेपणाशी, शौचालयाशी, लैंगिक कृतीशी बांधलेली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलिया भट स्वतःच्या घरातल्या दिवाणखान्यात बसलेली असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून तिचे फोटो काढले गेले आणि तिनं इन्स्टाग्रामवर मुंबई पोलिसांना टॅग करून जाब विचारला. अंगभर कपड्यांत आपल्या घरी बसलेली बाई त्या व्याख्येत सरळ बसत नाही. गंमत बघा, १८८२च्या खिडकीवाल्या उदाहरणात ती जास्त जवळून बसते. २०१७च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, न्यायमूर्ती कौल यांनी मुलांच्या डिजिटल ठशांबद्दल वेगळं लिहिलं. पण मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेविरुद्ध मागायचे असतात. सेल्फीवाल्याविरुद्ध त्यांची धार बोथट होते.

यावर काम करायचं असेल तर सुरुवात गुणपत्रिकेपासून करा. बोर्डाचा निकाल हा सार्वजनिक अभिलेख आहे का? पूर्वी वर्तमानपत्रांत आसनक्रमांकांच्या पुरवण्या छापून येत, नाव नसे. आता संकेतस्थळावर आसनक्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं, म्हणजे बोर्ड स्वतः त्याला निम्मं कुलूप लावतं. मग एखाद्या प्रसिद्ध अल्पवयीन मुलीचे टक्के मथळ्यात येतात तेव्हा ते अभिलेखातून आले, घरच्यांनी आनंदानं सांगितले, की आणखी कुठून? प्रत्येक उत्तरानं राजगोपाल निकालाचा वेगळा भाग लागू होतो. हे पुस्तकातून कळणार नाही. त्यासाठी स्थानिक वार्ताहरांशी बोलावं लागेल, त्या दिवसाच्या जिल्हा आवृत्त्या काढाव्या लागतील, बंदोबस्ताच्या अर्जासाठी माहिती अधिकार वापरावा लागेल.

आणि एक अडचण आधीच सांगतो. समिती 'पुरावा' म्हणून फोटो मागेल. आपला पुरावा म्हणजे नेमके तेच फोटो, जे त्या माणसाला नको होते. माझ्या प्रकरणात मी फोटोंऐवजी वर्णन ठेवलंय: कॅमेरा किती अंतरावर होता, उंचावर की समोर, मुलीची नजर कॅमेऱ्याकडे होती की दुसरीकडे, खाली ओळ काय होती. मार्गदर्शकांना ते अजून पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात सहामाही सादरीकरण आहे, तिथं हाच मुद्दा निघणार.