भाकड दिवसाची साक्ष

गिर्यारोहणाच्या मोहिमांवरची पुस्तके वाचताना आपल्याला एक वाईट खोड लागली आहे, हे आम्हांला फार उशिरा उमगले. हवामान बिघडले, सामान वर पोचले नाही किंवा शरीर विरळ हवेला सरावले नाही म्हणून जे दिवस तळावर काढावे लागतात, त्यांची पाने आम्ही भराभर उलटत असू. वास्तविक विश्रांतीचे म्हणून नोंदलेल्या त्या दिवशी मंडळी स्वस्थ बसलेली नसतात. कोणी शेजारचे टेकाड चढून येतो, कोणी हिमनदीच्या काठाने भटकतो, कोणी दगड गोळा करतो. कथानकाच्या हिशेबी हे दिवस भाकड.

शरीराच्या हिशेबी ते तसे नसतात. दिवसा उंच चढावे आणि निजायला खाली उतरावे, म्हणजे विरळ हवा हळूहळू अंगवळणी पडते. जॉन हंट यांच्या १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेने तर ही भटकंती आराखड्यातच घातली होती. थ्यांगबोचे येथे तळ टाकून लहान लहान तुकड्या आसपासच्या खोऱ्यांत पांगल्या. त्या सरावाच्या काळातच चार्ल्स इव्हान्स, आल्फ्रेड ग्रेगरी, चार्ल्स वायली आणि तेनझिंग यांनी आयलंड पीक प्रथम सर केले. सहा हजार मीटरहून उंच शिखराची पहिली चढाई, आणि तीही तालीम म्हणून! एव्हरेस्टच्या कथेत तिला तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही. असो.

आमचा मुद्दा निराळा आहे. एव्हरेस्टच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त साक्ष अशाच एका बिनकामाच्या चढाईतून निघाली आहे. दिवस विश्रांतीचा नव्हता, पण वृत्ती नेमकी तीच होती.

८ जून १९२४. मॅलरी आणि बावीस वर्षांचा आयर्विन शिखराकडे निघाले होते. भूशास्त्रज्ञ नोएल ओडेल यांच्याकडे दुय्यम काम होते : पाचव्या छावणीतून सहाव्या छावणीपर्यंत एकट्याने जायचे आणि थोडी शिधासामग्री पोचवायची. वाट पाहण्यापलीकडे त्या दिवशी त्यांच्यावर फारसा भार नव्हता. म्हणून ते सरळ न चढता डोंगराची रचना न्याहाळत, नागमोडी वाटेने चालले. खडकात जीवाश्म सापडल्याचा हर्षही त्यांनी नोंदवला आहे. जिवावरच्या मोहिमेत, पंचवीस हजार फुटांच्या वर, हा मनुष्य दगड उलटून पाहत होता!

सुमारे २६,००० फुटांवर एक छोटा कडा आला. उंची जेमतेम १०० फूट. त्याला वळसा घालता आला असता, असे ओडेल स्वतःच सुचवतात. तरी ते सरळ त्यावरून चढले. कारण देतात तेही गमतीचे : आपली प्रकृती कितपत ठीक आहे हे अजमावायला. ते माथ्यावर पोचले आणि वरचे धुके एकाएकी विरले. वेळ दुपारचे १२ वाजून ५० मिनिटे. शिखराच्या धारेवर एक काळा ठिपका खडकाच्या पायरीकडे सरकताना दिसला, त्याच्यामागे दुसरा. मग ढग पुन्हा मिटले. त्या दोघांना जिवंत पाहिल्याची ही शेवटची नोंद.

साक्षीची परीक्षा लगेच सुरू झाली. ईशान्य धारेवर दोन ठळक पायऱ्या आहेत; ठिपके कोणत्या पायरीवर होते? पहिल्या वृत्तांतात ओडेल यांचा रोख वरच्या पायरीकडे, शिखराच्या पायथ्यालगत होता. १९२५ साली मोहिमेचे पुस्तक निघाले, त्यात खात्री ढिली झाली : दोहोंपैकी नेमकी कोणती हे ठामपणे सांगता येत नाही. पुढे १९३३ मध्ये एक बर्फकुऱ्हाड सापडली, तीही पहिल्या पायरीच्या अलीकडे. काहींनी तर ठिपके म्हणजे खडक, नाहीतर पक्षी, असे म्हटले. विरळ हवेत बुद्धी मंदावते, डोळे फसतात. शंका अगदी रास्त आहे.

मात्र साहित्याच्या अभ्यासकाने येथे तो १०० फुटांचा कडा पुन्हा वाचावा, असे आम्हांला वाटते. साधारण वाचक त्याला रंगत आणणारा तपशील समजून पुढे जातो. वस्तुतः तो साक्षीदाराचे प्रमाणपत्र आहे. नळकांड्यातील प्राणवायूशिवाय, २६,००० फुटांवर, टाळता येण्याजोगा खडक मुद्दाम चढणारा माणूस गलितगात्र नव्हता, हे त्यातून कळते. ठिपके कोणत्या पायरीवर होते, याचा निकाल त्यातून लागत नाही, हेही खरे. शिवाय हे प्रमाणपत्र त्याने स्वतःच स्वतःला दिलेले आहे. आत्मकथनाच्या कोणत्याही वाचकाला हा पेच ओळखीचा वाटेल. आमचा कौल तरी ओडेल यांच्या बाजूने आहे, कारण त्यांनी आपली खात्री कमी होऊ दिली आणि ते छापूही दिले.

मॅलरीचे शव १९९९ मध्ये मिळाले. २०२४ मध्ये हिमनदीवर एक बूट सापडला. त्यातल्या मोज्यावर आयर्विनचे नाव शिवलेले होते. ओडेल १९८७ साली, वयाच्या ९६ व्या वर्षी वारले. त्या दिवशी ते दोनच्या सुमारास सहाव्या छावणीत पोचले, तेव्हा हिमवादळ सुटले होते. थोडे वर जाऊन त्यांनी शिट्या वाजवल्या, हाका मारल्या. उत्तर आले नाही. तंबू लहान होता, दोघांपुरताच. परतणाऱ्यांना जागा हवी म्हणून ते साडेचारला खाली उतरू लागले.