सिडनीच्या तलावातली शेवटची तेरा सेकंदं

बहे गावाशी, रामलिंग बेटाच्या बाजूनं कृष्णेत उतरा. तुम्ही इस्लामपूरचे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलात, काठावरून मुटके मारलेत. पाण्याची भीती तुम्हांला घालायला नको. डोकं पाण्याखाली घ्या आणि वर काढा.

नाकात क्लोरिन भरतो. हे पर्थ, ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा. सिडनी ऑलिंपिक तोंडावर आलंय. रेचिची, डॉसन आणि लॉरेन्स हे संशोधक वॉटर पोलोसाठी एक चाचणी बसवताहेत. 2000 सालीच ती छापून येणार आहे. दहा मीटरवर दोन खुणा. ध्वनिफितीवर ‘टूं’ वाजलं की निघायचं, पुढच्या ‘टूं’च्या आत समोरची खूण गाठायची, तिथूनच परत. सुरुवातीला तुम्ही आरामात पोहता, शेजारणीकडे बघून हसतासुद्धा. मग दोन आवाजांमधला वेळ आखडत जातो. हसू कधी थांबलं ते कळत नाही. हात पाणी ओढतात, पण वळताना छातीत श्वास पुरत नाही, आणि एका फेरीला खूण समोर दिसत असतानाच आवाज होतो. संपलं. वहीत आकडा पडतो.

चाचणी हुशारीनं बेतलेली आहे. सलग चारशे मीटर पोहायला लावलं असतं तर चांगली जलतरणपटू सापडली असती; या खेळात मात्र सारखं निघायचं, थांबायचं, उलट फिरायचं असतं. तरी हा आकडा तुमच्या पायांबद्दल फार काही सांगत नाही. त्यासाठी आता आडवं पोहणं सोडा आणि उभे राहा. गुडघे बाहेरच्या बाजूला, एक पाय एका दिशेनं फिरवायचा, दुसरा उलट. हात पाण्याबाहेर. मांड्या पेटतात. आपल्याकडे विहिरीत उभं पोहायची पैज लागते ती हीच, फक्त इथं ती सामनाभर चालते.

पुन्हा बुडी. 23 सप्टेंबर 2000, सिडनी. तिकडे इस्लामपुरात पितृपंधरवडा चालू आहे; इथं सिडनीत चार दिवसांपूर्वी वेटलिफ्टर कर्णम मल्लेश्वरीनं भारतासाठी कांस्यपदक उचललंय. तुमच्याभोवती जवळजवळ सतरा हजार माणसं ओरडताहेत. पुरुषांचा वॉटर पोलो ऑलिंपिकमध्ये आला 1900 साली. आपल्या पुरुषांनी दिल्लीच्या पहिल्या एशियाडमध्ये, 1951 ला, सुवर्णही जिंकलं. बायकांना ऑलिंपिकचं पाणी मिळायला मात्र हे 2000 साल उजाडावं लागलं, तेही ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी उघड निदर्शनं केली तेव्हा.

अंतिम सामना ऑस्ट्रेलिया विरुद्ध अमेरिका. सात-सात मिनिटांचे चार डाव; चेंडू हाती आला की पस्तीस सेकंदांत गोलवर मारायचा. तुम्ही गोलसमोर, पाठीवर एक अमेरिकन मुलगी. तळाला पाय टेकवायचे नाहीत. पाण्याखाली तिचा हात तुमच्या पोशाखात अडकलाय, गुडघा कमरेत. काठावरच्या पंचाला वरचं दिसतं, खालचं फारसं नाही. तिला खांद्यावर घेऊनच तुम्हांला उसळायचंय, एका हातानं चेंडू झेलायचाय. पर्थच्या त्या दहा मीटरमध्ये तुमच्या पाठीवर कोणी बसलं नव्हतं.

समोरच्या संघातली मॉरीन ओटूल बघा. वय 39. निवृत्ती मोडून ती या ऑलिंपिकसाठी परतली आहे. निव्वळ वहीतल्या आकड्यांवर संघ निवडला असता तर तिच्या नावापाशी पेन अडखळलं असतं, असं मला वाटतं.

ऑस्ट्रेलिया 3, अमेरिका 2. तेरा सेकंद उरलेत आणि ब्रेंडा व्हिया गोल मारते. 3-3. आवाज एकदम बसतो. तुमचे पाय आता फिरत नाहीत, नुसते थरथरतात. ऑस्ट्रेलियाला फ्री थ्रो मिळतो. इव्हेट हिगिन्सच्या हाती चेंडू. त्या वेळचा नियम असा की फाउल सात मीटरच्या बाहेर झाला असेल तर थेट गोलवर मारता येतं. आत असेल तर नाही. ती मारते. गोल. घड्याळात 1.3 सेकंद. अमेरिकन तक्रार करतात, गोल कायम राहतो. 4-3.

त्या दमलेल्या क्षणी आपण कुठे आहोत आणि काय चालतं, हे डोक्यात लख्ख असावं लागतं. ध्वनिफीत हे विचारत नाही. म्हणून चाचणी टाकाऊ ठरते असं नाही. तेवढा दम नसेल तर शेवटच्या डावापर्यंत डोकंही पोचत नाही. चूक होते ती दमाच्या आकड्यालाच खेळ समजण्यात.

आपल्या तालुक्यातल्या पोहणाऱ्या मुलींतून उद्या कोणी वॉटर पोलोचा संघ उभा करणार असेल, तर त्यांना एक विनंती. पन्नास मीटरच्या वेळेवर नावं पक्की करू नका. आधी दमेपर्यंत फेऱ्या मारायला लावा, मग लगेच हात वर करून खोल पाण्यात उभं करा, एकीला दुसरीच्या पाठीवर द्या, आणि त्या अवस्थेत चेंडू फेकायला सांगा. निवड तिथं करा.