ट्रेलरचे पाय
1914 साली डेट्रॉइटचे लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांनी एका लाकूड व्यापाऱ्याची होडी न्यायला फोर्ड गाडीमागे ट्रेलर जोडला. 1920च्या दशकात विमानकर्ते ग्लेन कर्टिस यांनी मोटारीमागचं फिरतं घर, ‘एरोकार’, घडवलं. गाडी सुटली की अशा ट्रेलरचं नाक तोलायला पाय हवेतच. आधी ते हँडल फिरवून खाली-वर करत. पुढे 12 व्होल्टची मोटर आली.

इंडियानातल्या एल्कहार्टमध्ये मी हेच पाय दुरुस्त करतो. मोटर गप्प असेल तर आधी बॅटरी, फ्यूज, अर्थिंग बघतो. मोटर फिरूनही एकच पाय हलला, तर दोन्ही पायांना जोडणारा दांडा किंवा त्याची पिन तपासतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो: हँडल जपून ठेवा. वीज गेली तरी शंभर वर्षांची ही युक्ती तुम्हाला रस्त्यावर अडकू देणार नाही.