'ज्ञानोदय' पत्र व अलिखितांचा इतिहास

महाराष्ट्रांत ऐतिहासिक साधनांचा शोध सुरू झाला तो मुख्यत्वें राजकारणाच्या कागदांपासून. कै. राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड इ. स. १८९८ त प्रसिद्ध केला. त्यानंतर सरदार, देशमुख, कुळकर्णी, मठाधिपति यांचीं दप्तरें संशोधकांनीं चाळलीं व ज्यांच्या घरीं दप्तर होतें त्यांचा इतिहास उजेडांत आला. परंतु ज्या घरांत लिहिणारा कोणी नव्हता व कागद ठेवावयास कोरडी जागाहि नव्हती, त्या घरांचें वृत्त कोठें शोधावें? या प्रश्नाचें एक उत्तर ख्रिस्ती मिशनांच्या जुन्या नियतकालिकांत सांपडतें असें आमचें मत आहे. संग्राहकांची दृष्टि त्यांकडे क्वचितच वळते. धर्मप्रचाराचे कागद म्हणून ते बाजूस सारले जातात. प्रस्तुत लेखांत 'ज्ञानोदय' या एकाच पत्राच्या आधारें आमच्या मताची परीक्षा करण्याचें योजिलें आहे.

अमेरिकन मिशनचे पहिले उपदेशक गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. १८३१ च्या अखेरीस मिशननें अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथें ठाणें घातलें, आणि तेथूनच १८४२ च्या जूनमध्यें 'ज्ञानोदय' निघूं लागलें. पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन हे होत. पुढें १९१२ पासून १९१९ त मृत्यु येईपर्यंत मराठी भागाचें संपादन रेव्ह. नारायण वामन टिळक यांजकडे होतें. पत्राचा हेतु कोणापासून लपविलेला नव्हता. ख्रिस्ती मताचें मंडन व हिंदु मताचें खंडन हें त्याचें व्रत. त्यास तोंड देण्याकरितां मोरभट दांडेकर यांनीं १८४४ त 'उपदेशचंद्रिका' काढिली. म्हणजे 'ज्ञानोदय' हें वादांतील एका पक्षाचें पत्र होय. त्यास तटस्थ साक्षीदार समजून कोणी चालूं नये.

तथापि पक्षपात हें कागद टाकून देण्याचें कारण होऊं शकत नाहीं. बखरकार धन्याचा पक्ष घेतो, म्हणून बखर कोणी चुलींत घालीत नाहीं. पक्षपात वजा करून उरेल तें घेतात. येथेंहि तेंच करावयाचें. सांगणारा कोण, त्यानें पाहिलें कीं ऐकलें, आणि छापणाराचा त्यांत लाभ कोणता, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे बहुतेक निर्णय होतो.

उदाहरण म्हणून १८५५ सालचा मांग-महारांच्या दुःखाविषयींचा निबंध घेऊं. तो १५ फेब्रुवारी व १ मार्च अशा लागोपाठच्या दोन अंकांत आला. पत्र त्या काळीं पाक्षिक होतें हें या तारखांवरूनच कळून येतें. लेखिका मुक्ता, जी आज मुक्ता साळवे या नांवानें प्रसिद्ध आहे, ही पुण्यास जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणारी मांग जातीची मुलगी, वयानें चौदाच्या आंतबाहेरची. शाळा मिशनची नव्हती. निबंधास जागा मात्र मिशनच्या पत्रानें दिली.

आतां कसोटी लावून पाहूं. पेशवाई १८१८ त बुडाली. लेखिकेचा जन्म त्यानंतर वीसबावीस वर्षांनीं झालेला. म्हणून पेशवाईंतील जुलमाचे जे प्रकार ती सांगते, ते वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले होत. तेवढ्यावरून ती ती घटना सिद्ध होत नाहीं, त्यास अन्य पुरावा पाहिजे. परंतु मांगवाड्यांत कोणती आठवण जागी होती हें निःसंशय सिद्ध होतें. बाळंतपणाच्या वेळीं आपल्या लोकांच्या स्त्रियांस डोक्यावर छप्पर नसतें, थंडीपावसांत त्यांचे हाल होतात, हें तिचें कथन निराळ्या योग्यतेचें आहे. तें तिच्या डोळ्यांसमोरचें जग होय. राहिला छापणाराचा लाभ. वेदांवर ब्राह्मणांचाच अधिकार, तर मग आमचा धर्म कोणता, हा मुलीचा सवाल मिशनऱ्यांस सोयीचा होता यांत संशय नाहीं. निबंधाची निवड तेवढ्यापुरती हेतुपूर्वक असेल. परंतु महारहि मांगांस हलके लेखतात ही तक्रार, आणि आपल्या लोकांस केलेला विद्या घेण्याचा उपदेश, हीं दोन्ही स्थळें लक्षांत घ्यावींत. उपदेश विद्येचा आहे, बाप्तिस्म्याचा नाहीं. प्रचारासाठीं लेख बनविला असता तर त्याचा रोख निराळा दिसता. सबब लेखणी मुलीचीच आहे असें मानण्यास हरकत नाहीं.

दुसरें उदाहरण शाळांचें. मिस सिंथिया फॅरर १८२७ त मुंबईस आल्या, १८३९ त नगरास गेल्या व १८६२ त तेथेंच वारल्या. मुलींच्या शाळा चालविणें हेंच त्यांचें आयुष्यभराचें काम. त्यांची नगरची शाळा पाहून आपणांस स्फूर्ति झाल्याचें जोतीरावांचें निवेदन १८५३ च्या सप्टेंबरांत 'ज्ञानोदया'नें छापिलें. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहींत. परधर्माच्या माणसांची सेवा पाहून तिचें बीज आपल्या शहरांत पेरतां येतें, याचा हा समकालीन लेख आहे.

अशीं साधनें छापील आहेत म्हणून सुरक्षित आहेत, असा समज आमच्या संग्राहकांत आढळतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६, १६४९ व १६५४ असें तीन वेळां छापिलें गेलें. त्यांपैकीं एकहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ राहिला तो हस्तलिखितांमुळें. गोव्यांतून दक्षिण कानड्यांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं नकला जपल्या, व तशा प्रतींवरून साल्ढाणा यांनीं १९०७ त मंगळूर येथें तो पुनः छापविला. वर्तमानपत्राची गति याहून वाईट. चिंध्यांपासून केलेला जुना कागद दोन शतकें सहज टिकतो. पुढें आलेला लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद पन्नास-साठ वर्षांत पिवळा पडून हातांत तुटतो. यास्तव टिळकांच्या वेळचे अंक बॅलंटाइनच्या वेळच्या अंकांपूर्वीं नष्ट झाले तर नवल नाहीं. प्रथम नक्कल कोणत्या वर्षांची घ्यावी हें यावरून ठरवावें.

पत्राच्या जोडीस ख्रिस्ती मंडळ्यांच्या नोंदवह्या आहेत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांचीं टिपणें मंडळ्या ठेवीत आल्या आहेत. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांचे सरकारी अहवाल मृतांचे आंकडे देतात; दफनाची वही प्रेताचें नांव देते. एखाद्या खेड्यावर त्या वर्षांत काय ओढवलें हें जाणावयाचें असेल तर अशी वही व गांवचे इतर कागद शेजारीं ठेवून वाचले पाहिजेत.

आमच्या संग्राहकांस एक विनंती आहे. या वह्या त्या त्या मंडळीच्या मालकीच्या आहेत. मूळ वही उचलून आपल्या कपाटांत आणूं नये. पाळकांची व पंचांची अनुमति घेऊन नक्कल करावी व एक प्रत मंडळीच्या स्वाधीन करावी. दप्तर जेथें जन्मलें तेथेंच राहिलें म्हणजे गांवाचा त्यावरील हक्क राहतो. ज्यांच्या घरीं 'ज्ञानोदया'चे सुटे अंक असतील, मग ते फाटके कां असेनात, त्यांनीं अंकाची तारीख व उरलेलीं पानें यांची यादी करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. याद्या जुळल्या म्हणजे कोणत्या वर्षीं खंड आहे तें कळेल, व खंड कळला कीं शोधास दिशा मिळेल.